खर्जाचे उपासक

गाण्याच्या बैठकीहून परतणाऱ्या दहा जणांस विचारावे, की आज काय ऐकले? कोणी गवयाच्या तानांचे वर्णन करील, कोणी तबलजीच्या हाताची तारीफ करील, कोणी पेटीवाल्याने साथ किती समजून केली ते सांगेल. तंबोरा कसा लागला होता हे सांगणारा त्या दहांत एखादा निघाला तर निघाला. आणि तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची, खर्जाची, तार कशी बोलत होती असा प्रश्न केला, तर प्रश्न करणाराच विक्षिप्त ठरावयाचा! वास्तविक तीन तास त्या सर्वांच्या कानांवर खंड न पडता येत होता तो हाच एक आवाज. घर पाहावयास गेलेला मनुष्य खिडक्या वाखाणतो, नक्षी वाखाणतो. पायाची चौकशी तो करीत नाही. पाया चांगला असला की त्याचा विसर पडतो, हाच त्याचा चांगुलपणा होय.

परंतु जगात असाही एक लहानसा पंथ आहे, की ज्यास गाण्यातले इतर काही ऐकू येण्यापूर्वी हा तळाचा आवाज ऐकू येतो. खर्जाचे वाद्य पाहिले की ह्या मंडळींचे पाय अडखळतात. ते ते हाती घेतात, उजेडात फिरवून लाकडाची नस पाहतात, पुसल्यावाचून राहवत नाही म्हणून पुसतात, आणि मग एकच तार छेडून तिचा आवाज पुरता विरेपर्यंत गप्प बसतात. ज्या वाद्यास बैठकीत कधी टाळी मिळावयाची नाही त्याच्यावर जीव लावणाऱ्या ह्या लोकांविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. त्यांच्या प्रेमात आपल्यासारख्या संसारी माणसांनी घेण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडे परदेशाकडे पाहू. पाश्चात्त्यांच्या वाद्यवृंदात सर्वांच्या मागे, एका बाजूस, डबल बास नावाची वाद्ये उभी असतात. दिसावयास हे व्हायोलिनसारखे, पण आकाराने एवढे, की उभे केले असता वाजवणाऱ्याच्या डोक्याच्याही वर जावे. वादक उभ्यानेच किंवा उंच बैठकीस टेकून त्यास कवेत धरतो आणि गजाने अथवा बोटांनी वाजवतो. त्याच्या चार तारांतील सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते. ह्याहून फार खाली मनुष्याच्या कानास स्वर असा ऐकूच येत नाही. हे वाद्य आपल्याला अगदीच परके आहे असे मात्र समजू नये. मुंबईच्या जुन्या हिंदी चित्रपटांची गाणी ज्यांनी ऐकली, त्यांनी हा आवाज ऐकलेला आहे. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकून मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांनी त्या वाद्यवृंदांचा भार पुष्कळ वर्षे वाहिला, आणि त्या गाण्यांच्या पोटात जो गंभीर ठेका पाऊल टाकीत चालतो तो बहुधा ह्याच वाद्याचा असे. आपण तो ऐकला. ओळखला नाही, इतकेच.

ह्या अवजड वाद्याचे वेड कोणत्या थरास जाते त्याची एक कथा युरोपात प्रसिद्ध आहे. दोमेनिको द्रागोनेत्ती हा व्हेनिसचा वादक १७६३ साली जन्मला. ब्रेशा गावच्या गास्पारो दा सालो ह्या जुन्या कारागिराने केलेला एक बास त्याच्या हाती आला. विचेंत्सा येथील जोगिणींच्या मठातून तो मिळाला असे सांगतात. गास्पारो १६०९ सालीच वारलेला. म्हणजे वाद्य हाती आले तेव्हाच ते पावणेदोनशे वर्षांचे असावे. १७९४ साली द्रागोनेत्ती लंडनला गेला आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे तेथेच राहिला. व्हिएन्नास बेथोवेनशी त्याची भेट झाली, तेव्हा चेलोसाठी लिहिलेली बेथोवेनची रचना त्याने आपल्या बासवर वाजवून दाखवली व तो थोर संगीतकार थक्क झाला. १८४५ साली बॉन शहरी बेथोवेनच्या स्मारकाचा समारंभ झाला, त्या वेळी हा ब्याऐंशी वर्षांचा वृद्ध तेरा बासवादकांच्या अग्रभागी उभा होता. पुढल्याच वर्षी तो वारला. त्याच्या संग्रहात वाद्ये पुष्कळ होती. पण तो गास्पारोचा बास त्याने मृत्युपत्रान्वये आपल्या गावच्या सेंट मार्कच्या मंदिरास दिला. आयुष्य परक्या शहरात गेले, पण जिवाचे वाद्य त्याने घरी पाठवले!

दुसरी गोष्ट जोवान्नी बोत्तेसिनी ह्याची. 'आयदा' हे वेर्दीचे संगीतनाटक १८७१ साली कैरो येथे प्रथम झाले, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन ह्याच बोत्तेसिनीकडे होते. त्याचा आवडता बास तेस्तोरे नावाच्या मिलानच्या कारागिराने १७१६ साली केलेला. एका कळसूत्री बाहुल्यांच्या नाटकगृहात, अडगळीच्या ढिगाखाली, तो त्यास सापडला अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतले खरेखोटे काहीही असो, ती वादकमंडळींत इतकी का आवडावी हे समजण्यासारखे आहे. सर्वांनी दुर्लक्षिलेल्या वस्तूतला गुण आपल्या कानाने ओळखावा, ही प्रत्येक बासवादकाच्या मनातली गुप्त इच्छा असते.

तिसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. सर्ज कुसेवित्स्की हा १९२४ पासून १९४९ पर्यंत बोस्टनच्या वाद्यवृंदाचा संचालक होता. त्याआधी तो नामांकित बासवादक म्हणून गाजला होता. त्याच्याजवळचा बास इटालीतील सुविख्यात आमाती घराण्याने १६११ साली केला, असा सर्वांचा समज होता. कुसेवित्स्कीच्या मरणानंतर, १९६२ साली, त्याच्या पत्नीने तो बास गॅरी कार ह्या नवोदित वादकास देऊन टाकला, व त्याने तो पुष्कळ वर्षे जगभर मिरवला. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच्या लाकडातील वार्षिक वलये मोजली. लाकूडच त्या सालानंतरचे निघाले. अर्थात वाद्य आमातीचे नव्हे हे सिद्ध झाले! व्हायोलिनच्या बाजारात असे घडते तर मालक डोक्यास हात लावून बसता. पण ह्या बासवरचे वादकांचे प्रेम काही उणे झाले नाही. कारण सरळ आहे. त्यांनी प्रेम केले होते ते आवाजावर. कागदावरच्या नावावर नव्हे.

आता असा प्रश्न येतो, की खालच्या स्वराच्या वाद्यासच एवढी पारख का लागावी? ह्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, आणि ते कठीण नाही. स्वर जितका खालचा तितकी हवेतील त्याची लाट लांब. सेकंदास ४१ कंपनांच्या स्वराची लाट सुमारे २७ फूट लांब भरते. एवढी लाट जोरात उठवावयाची तर वाद्याची पेटी एखाद्या खोलीएवढी करावी लागेल, आणि ती कोणास उचलता येणार नाही. तेव्हा प्रत्येक खर्जवाद्य ही एक तडजोड असते. मूळ स्वर त्यातून क्षीणच निघतो. पण त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे सूक्ष्म स्वर त्याच तारेतून एकाच वेळी उमटतात, ते जर नीट, भरघोस व एकमेकांशी मिळून आले, तर आपला कान त्यांवरून तळाचा स्वर आपण होऊन जुळवून घेतो. उंच स्वराच्या वाद्यातील कारागिराची चूक पुष्कळदा झाकली जाते. खर्जाच्या वाद्यात ती झाकत नाही. तेथे आवाज एक तर भरतो, नाही तर नुसता गुरगुरतो.

हेच तत्त्व आपल्या पूर्वजांनी तंबोऱ्यात फार निराळ्या रीतीने साधले. तंबोऱ्याच्या तबलीवर जी रुंद घोडी असते तिचा माथा धारदार नसून पसरट व किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर टेकते न टेकते अशी राहते आणि कंप पावताना त्या पृष्ठास पुनःपुन्हा हलकेच स्पर्श करते. तार व घोडी ह्यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवून हा स्पर्श नेमका करतात. त्या धाग्यास 'जीव' असे नाव आहे, आणि ते यथार्थ आहे. धागा केसभर इकडे सरकला तर आवाज मुका होतो, केसभर तिकडे गेला तर किरकिरतो. जागेवर आला म्हणजे तार फुलते. ह्या सर्व करामतीस आपण जवारी म्हणतो.

चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. परंतु त्यापूर्वी, १९२१ साली, त्यांनी तंबोरा व वीणा ह्यांवर एक निबंध लिहिला होता, हे फारसे कोणास ठाऊक नसते. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा स्थिर भाग येतो ते उपस्वर निघू नयेत, असा युरोपीय शास्त्रज्ञांचा जुना नियम. रामन ह्यांनी दाखवून दिले, की तंबोऱ्यात तेही उपस्वर खणखणीत निघतात, आणि ह्याचे कारण ती पसरट घोडी. मिरजेचा कारागीर जे कानसेने व कानाने करीत होता त्यास अशा रीतीने शास्त्राची साक्ष मिळाली.

मिरजेचे नाव आलेच आहे, तर तिकडे वळू. आज तंबोरा म्हटला की मिरज, हे समीकरण साऱ्या हिंदुस्थानात मान्य आहे. ह्या धंद्याचा आरंभ पटवर्धन संस्थानिकांच्या अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. तो करणारे शिकलगार; म्हणजे तलवारींस धार लावणारे, हत्यारे घासूनपुसून लखलखीत करणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांस गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यांच्या दुरुस्तीस हात घातला आणि पुढे त्याच्या घराण्याने नवी वाद्ये घडवण्यात नाव मिळवले. ज्या हातांस पोलादाच्या धारेतील सूक्ष्म उतार कळत होता, त्यांस घोडीच्या माथ्यावरील उतार कळावा, हे एका अर्थी स्वाभाविकच होते. मिरजेस त्या काळी गाणेही थोर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेथे शिकवीत, आणि पुढे लाहोरास १९०१ साली गांधर्व महाविद्यालय स्थापणारे विष्णु दिगंबर पलुसकर हे तेथेच त्यांच्याजवळ घडले. कारागिरास सांगणारा कान आणि गवयास पुरवणारा हात एकाच गावात नांदत होते.

तंबोऱ्याचा भोपळा बाजारातील भाजीचा नव्हे. हा कडू जातीचा, जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठी तो पिकतो. वेलावर तो पुरता निबर होऊ देतात, मग महिनोन्महिने वाळवतात. पुढे भिजवून, कापून, आतील गर व बिया काढून, आकार बिघडू नये म्हणून आत काठ्यांचा टेकू देऊन तो पुन्हा वाळवतात. त्यावर तूण ह्या झाडाच्या लाकडाची तबली व पोकळ दांडी बसते. मग खुंट्या, मणी, घोडी. पूर्वी ही घोडी हस्तिदंती असे, आता बहुधा हाडाची किंवा कृत्रिम द्रव्याची असते. मधल्या जोडीच्या दोन तारा पोलादी, शेवटची खर्जाची जाड पितळी. पुरुषी तंबोरा उंचीस पाच फुटांच्या आसपास भरतो. एवढे सर्व झाल्यावरही वाद्य तयार झाले असे म्हणत नाहीत. जवारी लागली म्हणजे झाले. आणि जवारी लावणारे हात थोडे.

जाणता गवई तंबोरा निवडू लागला म्हणजे पाहण्यासारखे असते. रंगरोगण व नक्षी ह्यांकडे तो पाहिले न पाहिलेसे करतो. भोपळ्यावर टिचकी मारून साल कोठे जाड कोठे पातळ ते ऐकतो. दांडीवर कान ठेवतो. मग सर्व तारा थांबवून खर्ज एकटाच छेडतो. काळी एक ह्या स्वरात लावलेला खर्ज सेकंदास सुमारे ६९ कंपने करतो. तो उठतो, फुलतो आणि विरू लागतो. आणि विरता विरता, वरच्या सप्तकात, कोणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. हा त्या ६९ च्या पाचपट, म्हणजे सुमारे ३४५ कंपनांचा उपस्वर. हा गंधार ज्या तंबोऱ्यात स्पष्ट येतो तो तंबोरा गवई मग हातचा सोडीत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ ह्यांचे सारे गाणे ह्या सुरेलपणाच्या ध्यासावर उभे होते. ते मिरजेस स्थायिक झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांच्या बावीस श्रुतींच्या संशोधनात त्यांनी आपला गळा साक्षीस दिला. आणि १९३७ साली मद्रासकडील प्रवासात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना मिरजेतच मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावा मिळाला. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात. त्या ऐकताना गळा कोठे संपतो आणि तंबोरा कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण जाते.

येथवर वाचून वाशिमचा वाचक म्हणेल, 'मिरज आमच्यापासून लांब. व्हेनिस तर त्याहूनही लांब. आमचा ह्याच्याशी संबंध काय?' संबंध आहे, आणि तो जुना आहे. आपले वाशिम हे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह ज्या नगरात लावून दिला ते नगर हेच. ज्या गावाने वाङ्मयाची लग्ने लावली त्यास स्वराची ओळख नसेल असे कसे म्हणावे? पण इतक्या प्राचीन काळात जाण्याचेही कारण नाही. खर्जाच्या वाद्याचा सन्मान आजही आपल्या जिल्ह्यात खेडोपाडी, वाशिम-रिसोडपासून मंगरूळपीर-मानोऱ्यापर्यंत, डोळ्यांनी पाहता येतो. अखंड हरिनाम सप्ताह मांडला म्हणजे वीणा उभी राहते. ती एकदा गळ्यात घेतली की सात दिवस, सात रात्री भुईस टेकवावयाची नाही. पहारे बदलतात, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा आहे तो वयाने लहान असो, धनाने हीन असो, कोणत्याही जातीचा असो, गावचा मोठ्यात मोठा मनुष्य त्याच्यापुढे वाकतो. वाद्याचा एवढा मान साऱ्या जगात क्वचितच होत असेल! द्रागोनेत्तीने आपला बास मंदिरास दिला. आपल्याकडे वाद्य हेच चालते मंदिर होते.

परंतु ह्याच ठिकाणी एक गोष्ट मन मोकळे करून सांगितली पाहिजे. ती वीणा पुष्कळदा सुरात नसते. खुंट्या सैल झालेल्या, एखादी तार तुटून गेलेली, घोडी कलंडलेली. तरी वीणा गळ्यात आहे आणि नमस्कार चाललेले आहेत. भक्तिभावास ह्याने बाध येत नाही हे आम्हांस मान्य आहे. पण वाद्याचा मान दोन प्रकारचा असतो: एक मस्तकाने करावयाचा, दुसरा कानाने. पहिल्यात आपण कोणास हार जाणार नाही. दुसऱ्यात मात्र त्या बासवादकांनी आपल्याला मागे टाकले आहे, हे कबूल करणे भाग आहे. ते वाद्यापुढे हात जोडत नाहीत. पण त्याची एक खुंटी अर्ध्या सुताने उतरली तर त्यांस चैन पडत नाही. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी गावातील एखाद्या जाणत्याने वीणा जुळवून द्यावी आणि पहारा बदलताना घेणाऱ्याने एकदा तारा छेडून पाहाव्या, एवढा रिवाज पडला तर काय बहार होईल!

हीच गोष्ट आपल्या घरांतील तंबोऱ्याची. एके काळी विष्णु दिगंबरांच्या शिष्यपरंपरेने गाणे मध्यम वर्गाच्या माजघरात आणले आणि तंबोराही त्याबरोबर आला. आज तो पुष्कळ घरांत कपाटाच्या मागे, गवसणीत, उभा असतो. त्याची जागा विजेवर चालणाऱ्या पेटीने घेतली. ही पेटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुराकडे निघाली. आता तर मोबाइलमध्येच तंबोरा वाजतो. ह्या साधनांस नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रवासात, वसतिगृहात, भाड्याच्या दोन खोल्यांत ती मोठ्या उपयोगाची आहेत. पण त्यांचा एक गुण हाच त्यांचा दोष आहे: ती आधीच लागलेली असतात. तंबोरा जुळवताना शिष्याच्या कानास जो पाव घटका व्यायाम होतो, तो तेथे होत नाही. जोडीच्या दोन तारा एकजीव होईतो वाट पाहणे, पंचम किंचित चढला हे ओळखून मणी सरकवणे, शेवटी खर्ज मिळवणे, हा गाण्याचा पहिला धडा आहे. आणि तो गळ्याचा नसून कानाचा आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात घडलेली हकीकत आहे. नात गाण्याच्या परीक्षेस बसली होती व मोबाइलवर रियाज करीत होती. आजीचा तंबोरा पंधरा वर्षे कोपऱ्यात होता. गावात एका कार्यक्रमासाठी आलेल्या जाणत्या माणसाकडून त्यास नव्या तारा घातल्या, घोडी घासून घेतली, जीव बसवून घेतला. सायंकाळी आजींनी भिंतीस टेकून तो हळूहळू छेडला. मुलगी जवळ येऊन बसली. काही वेळाने तिने विचारले, "आजी, हा गंधार कोण लावतं गं? तू तर लावला नाहीस." आजी म्हणाल्या, "तो लावावा लागत नाही, बाळ. खर्ज खरा लागला की तो आपण होऊन येतो." त्या घरात तेव्हापासून मोबाइल प्रवासापुरता राहिला. परीक्षेत गुण किती वाढले हे आम्ही विचारले नाही. परंतु मुलगी आता दुसऱ्याचे गाणे ऐकताना प्रथम तंबोरा ऐकते, असे तिच्या आईने कौतुकाने सांगितले. आमच्या मते ती त्याच दिवशी गाण्याच्या घरात आली.

ज्या घरी तंबोरा आहे, त्यांच्याकरिता चार व्यवहाराच्या गोष्टी येथे नमूद करतो. वऱ्हाडचा उन्हाळा हा ह्या वाद्याचा मोठा वैरी. वैशाखातील कोरड्या उष्ण हवेने लाकूड आकसते, सांधे उकलतात, भोपळ्यास चीर जाते. म्हणून तंबोरा पश्चिमेच्या भिंतीस, खिडकीच्या झोतात किंवा कूलरच्या समोर ठेवू नये. घराच्या मधल्या, थंड खोलीत ठेवावा. पावसाळ्यात दमट कोपरा टाळावा, कारण सांध्यांचा चिकटा ओलाव्याने सुटतो. बरेच दिवस वाजवावयाचा नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्या, म्हणजे तबलीवरचा भार हलका होतो. पण अजिबात काढू मात्र नयेत. भोपळा उंदरांस प्रिय असतो हे विसरू नये. धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी. ओले फडके लावू नये. घोडीचा माथा स्वतः घासण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आणि ह्या सर्वांहून मोठी निगा म्हणजे आठवड्यातून एकदा तरी तो जुळवून वाजवावा. वाजते वाद्य टिकते, हा कारागिरांचा अनुभव आहे.

शेवटची गोष्ट ह्या धंद्याच्या भवितव्याची. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेत न झालेल्या वाद्यास आता मिरजेचे नाव लावता यावयाचे नाही. ही योग्य व आनंदाची गोष्ट झाली. परंतु त्या आमातीच्या बासची कथा येथे पुन्हा ध्यानात घ्यावी. नाव राखण्याने वाद्य राखले जातेच असे नाही. तरुण मुलगा वर्षानुवर्षे घोडी घासण्यास बसावा, तर त्याने घासलेल्या उताराची किंमत जाणणारे कान गिऱ्हाइकाजवळ असले पाहिजेत. गिऱ्हाइकास नक्षीच कळत असेल, तर कारागीर नक्षीच करील. त्याने दुसरे काय करावे? तलवारींस गिऱ्हाईक राहिले नाही तेव्हा शिकलगारांना वाद्यांचा आसरा सापडला. वाद्यांसही गिऱ्हाईक राहिले नाही, तर ह्या हातांनी कोणाच्या दारी जावे?

हे कान सरकारी मानांकनाने तयार व्हावयाचे नाहीत; ते घरात तयार व्हावयाचे आहेत. ह्यास फार मोठा खर्च नको की फार मोठी विद्याही नको. घरी तंबोरा असेल तर तो काढावा. नसेल तर पुढल्या बैठकीस जाताना मुलांना बरोबर न्यावे, शक्य तो पुढे बसावे, आणि गवयाने तोंड उघडण्यापूर्वी तंबोरे जुळत असतात त्या दहा मिनिटांत गप्पा न मारता ऐकावे. पुष्कळ मंडळी हा वेळ वाया जातो असे समजून उशिरानेच येतात. ह्या खेपेस त्यांनी वेळेवर यावे, आणि खर्जाच्या तारेकडे कान द्यावा. गंधार ऐकू आला, तर घरी जाताना मुलांस तेवढे विचारावे, की तुम्हांलाही आला का?